हाइड पार्कची रूझवेल्ट लायब्ररी एका दिवसात: क्रम चुकला की दिवस चुकतो

न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा आले की नायगारा, वॉशिंग्टन, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी ठरलेलं असतं. त्यानंतर कुणीतरी हाइड पार्क सुचवतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं घर, त्यांनी स्वतः उभी केलेली लायब्ररी आणि म्युझियम, त्यांची समाधी, सगळं एकाच आवारात आहे आणि शहरातून सकाळी निघून रात्री परत येता येतं. पण जाऊन आलेल्यांकडून पुन्हा पुन्हा तेच ऐकू येतं: "म्युझियम पाहिलं, घराची तिकिटं संपली होती." नाहीतर, "घर पाहिलं, म्युझियमला वेळच उरला नाही." जागा लहान आहे, दिवस पुरतो. फक्त क्रम लावावा लागतो.

एक गोष्ट आधी समजून घ्या, बाकीचं नियोजन तिच्यावर आहे. आवार एक असलं तरी ते दोन सरकारी खात्यांकडे आहे. लायब्ररी आणि म्युझियम नॅशनल आर्काइव्हज चालवतं, तर स्प्रिंगवुड नावाचं घर आणि भोवतालची जमीन नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. म्युझियम आपल्या गतीने, आपण होऊन पाहायचं असतं. घर मात्र फक्त रेंजरबरोबर, म्हणजे पार्कच्या वाटाड्याबरोबर, ठरलेल्या वेळी, मोजक्या लोकांच्या गटात पाहता येतं. म्हणून घराची वेळ ही दिवसाची खुंटी समजा, बाकी सगळं तिला टांगायचं.

टप्पा १: ठिकाण आणि तारीख

नकाशाच्या ॲपमध्ये नुसतं "हाइड पार्क" टाकू नका. लाँग आयलंडवर न्यू हाइड पार्क आहे, तिथे भारतीय वस्तीही भरपूर, त्यामुळे फोन बऱ्याचदा तेच पुढे करतो. आपल्याला जायचंय ते डचेस काउंटीतलं, हडसन नदीकाठचं, शहरापासून उत्तरेला सुमारे ९० मैलांवरचं हाइड पार्क. पत्ता ४०९७ अल्बनी पोस्ट रोड. हाच रस्ता म्हणजे रूट ९.

दुसरा गोंधळ रूझवेल्ट नावाचा. थिओडोर रूझवेल्ट वेगळे. त्यांचं सॅगमोर हिल हे घर लाँग आयलंडवर ऑयस्टर बे इथे आहे. मॅनहॅटनशेजारच्या रूझवेल्ट आयलंडवर फ्रँकलिन यांचं स्मारक आहे, पण लायब्ररी तिथे नाही. बुकिंग करताना पूर्ण नाव वाचा.

तारखेचं म्हणाल तर मे, जून आणि सप्टेंबर सोयीचे. ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा सगळं न्यूयॉर्क हडसनच्या खोऱ्यात लोटतं. रस्ते तुंबतात, घराच्या फेऱ्या भरतात. त्या महिन्यात जायचंच असेल तर आठवड्यातला मधला दिवस धरा. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारी या दिवशी म्युझियम बंद असतं. बर्फ जोरात पडलं की आवारही बंद ठेवतात.

तपासणी: जायच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही खात्यांची संकेतस्थळं उघडा, एक पाहून थांबू नका. घराच्या दुरुस्तीची सूचना पार्क सर्व्हिसच्या पानावर असते, म्युझियमच्या वेळेतला बदल लायब्ररीच्या पानावर. वॉशिंग्टनमध्ये सरकारी खर्चाच्या मंजुरीवरून कामकाज ठप्प झालं तर दोन्ही बंद होऊ शकतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये तसं झालं होतं. बातम्यांत "शटडाउन" ऐकू येत असेल तर परत न मिळणारी तिकिटं काढू नका.

टप्पा २: आधी घराचं तिकीट, मग रेल्वेचं

बहुतेक जण उलट करतात. गाडी ठरवतात, हॉटेलही बघतात आणि "घराचं तिकीट तिथे गेल्यावर घेऊ" म्हणतात. घराच्या फेऱ्यांची आगाऊ तिकिटं रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. उरलेली त्या दिवशी खिडकीवर, पहिला येईल त्याला. शनिवार-रविवारी चौघा-पाचांना एकाच फेरीत जागा मिळणं नशिबावर सोडू नका.

वेळ निवडताना सकाळची पहिली फेरी घेऊ नका आणि शेवटचीही नको. साडेअकरा ते साडेबारा या दरम्यानची सर्वात चांगली. शहरातून निघून धावपळ न करता पोचता येतं, गाडीला उशीर झाला तरी हाताशी वेळ राहतो आणि म्युझियमला अख्खी दुपार मिळते.

वार्षिक पास असलेल्यांनी इथे नीट वाचावं. राष्ट्रीय उद्यानांचा "अमेरिका द ब्युटिफुल" पास तुमच्याकडे असेल तर तो फक्त पार्क सर्व्हिसच्या भागाला, म्हणजे घराला चालतो. म्युझियमचं शुल्क वेगळं द्यावं लागतं. खिडकीवरचे वाद बहुतेक यावरूनच होतात. तिथल्या माणसाच्या हातात काही नसतं, कारण पैसे दोन वेगळ्या खात्यांत जातात. लहान मुलांना शुल्क नसलं तरी फेरीत त्यांची जागा धरावीच लागते, तेव्हा बुकिंगमध्ये मुलांची संख्या टाकायला विसरू नका.

पैसे भरायला कार्ड जवळ ठेवा, नुसत्या रोख पैशांवर विसंबू नका.

टप्पा ३: कोण किती चालणार ते घरीच ठरवा

आवारात वाहनतळ ते स्वागतकेंद्र, तिथून म्युझियम, पुढे घर, मग समाधी, असं थोडं थोडं पण सतत चालणं असतं. पायवाटा बऱ्या आहेत. अंतरापेक्षा जास्त त्रास होतो तो दीर्घकाळ उभं राहण्याचा. घराच्या फेरीत तासभर बसायला मिळेल असं समजू नका, आतलं फर्निचर बघण्यासाठी असतं.

घराचा वरचा मजला जिन्याने. ज्या आजी-आजोबांना जिना जमत नाही त्यांनी खालचा मजलाच पाहायचा, हे आधी बोलून ठेवा. नाहीतर जिन्याच्या पायथ्याशी "मी चढते हळूहळू" सुरू होतं आणि मागे गट खोळंबतो. व्हीलचेअर लागणार असेल तर तिथे मिळेल का, हे फोन करून विचारून घ्या.

बरोबर काय न्यायचं? पाण्याची बाटली, औषधं, पातळ स्वेटर (म्युझियमचा वातानुकूलित गारवा उन्हाळ्यातही टोचतो), बंद बूट आणि एक छोटी पिशवी. मोठ्या बॅगा आणि पाठीवरच्या जाडजूड सॅक घरात नेता येत नाहीत. गाडीने आलात तर गाडीत ठेवा. रेल्वेने येणाऱ्यांनी मोठी बॅग आणूच नये.

आणि डबा. याबद्दल पुढे सांगतो, पण डबा न्याच.

टप्पा ४ (अ): रेल्वेने

मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन ग्रँड सेंट्रलहून निघते आणि पकिप्सीला संपते. अक्षरं बघून "पाउगकीप्सी" वाचलं तरी घोषणेत पकिप्सीच ऐकू येईल. प्रवास साधारण दोन तासांच्या आत-बाहेर.

न्यू जर्सीहून येणाऱ्यांची हमखास चूक अशी की एनजे ट्रान्झिटने पेन स्टेशनला उतरून तिथेच हडसन लाइन शोधायची. तिथे ती नाही. पेन स्टेशनहून १, २ किंवा ३ नंबरच्या सबवेने टाइम्स स्क्वेअर गाठा आणि तिथून शटल किंवा ७ नंबरने ग्रँड सेंट्रल. या बदलासाठी ज्येष्ठ बरोबर असतील तर किमान ४० मिनिटं ठेवा. पेन स्टेशनवरून पकिप्सीला जाणारी गाडी ॲमट्रॅकची. ती चालते, पण तिचं तिकीट मेट्रो-नॉर्थवर चालत नाही आणि उलटही नाही. ग्रँड सेंट्रलमध्ये शिरल्यावर लांबलचक सरकत्या जिन्यांनी खाली खाली जायला लागलात तर समजा चुकलात. ते लाँग आयलंडच्या गाड्यांचं स्थानक.

तिकीट ट्रेनटाइम ॲपवर किंवा यंत्रावर आधीच काढा. गाडीत कंडक्टरकडून घेतलं तर महाग पडतं. शनिवार-रविवारी दिवसभर ऑफ-पीकचा, म्हणजे कमी दर असतो. ६५ वर्षांवरच्यांना वयाचा पुरावा दाखवून सवलत मिळते. भारतातून आलेल्या आई-बाबांचा पासपोर्ट बरोबर असू द्या.

जाताना डाव्या बाजूची खिडकी धरा. हडसन नदी जवळजवळ सगळा वेळ त्याच बाजूला असते आणि पीकस्किलच्या पुढे डोंगर दोन्हीकडून नदीवर झुकतात, तो पट्टा बघण्यासारखा आहे. येताना अर्थात उजवी.

पकिप्सी ते हाइड पार्क पाच-सहा मैल आहे आणि खरी अडचण इथेच येते. काही हंगामांत पार्क सर्व्हिस स्टेशनवरून शटल चालवते. ती तुमच्या तारखेला आहे का आणि तिला आधी जागा राखावी लागते का, हे फोनवर विचारा. काउंटीची बस रूट ९ वरून जाते, पण तिच्या फेऱ्या विरळ. रविवारी तर वेळापत्रक डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिच्या भरवशावर निघू नका. टॅक्सी स्टेशनवर मिळते.

सावधान: जाताना टॅक्सी मिळाली म्हणून परतीलाही मिळेल असं नाही. हाइड पार्क हे गाव आहे, मॅनहॅटन नाही. संध्याकाळी ॲपवर गाडी सापडायला बराच वेळ जातो. सोडणाऱ्या चालकालाच परतीची वेळ सांगून त्याचा नंबर घ्या.

टप्पा ४ (ब): स्वतःच्या गाडीने

न्यू जर्सीहून थ्रूवेने, म्हणजे आय-८७ ने न्यू पाल्ट्झच्या १८ नंबरच्या एक्झिटपर्यंत जा, मग रूट २९९, पुढे रूट ९डब्ल्यू आणि मिड-हडसन ब्रिज ओलांडून रूट ९ वर उत्तरेकडे वळा. पुलावर टोलनाका नाही, कॅमेरा आहे. भाड्याची गाडी असेल तर टोलचं यंत्र चालू आहे का बघा, नाहीतर भाड्याच्या कंपनीचं जादा शुल्क नंतर बिलात येतं.

क्वीन्स किंवा वेस्टचेस्टरकडून येणाऱ्यांना ॲप टॅकोनिक पार्कवे दाखवतं. रस्ता सुंदर, पण अरुंद आणि वळणाचा. संध्याकाळी हरणं आडवी येतात. मंडळातर्फे मिनीबस करून जाणार असाल तर लक्षात ठेवा, बस आणि व्यावसायिक वाहनांना टॅकोनिकवर बंदी आहे. चालकाला आधीच सांगा.

टप्पा ५: पोचल्यावरचा पहिला अर्धा तास

आवारात शिरल्यावर पुढे घर दिसेल, पण तिकडे जाऊ नका. आधी हेन्री वॉलेस केंद्रात, म्हणजे स्वागतकेंद्रात जा. तिकिटं, माहितीपट, स्वच्छतागृह, पुस्तकांचं दुकान सगळं तिथे आहे. घराची फेरीही तिथूनच जुळते.

आत जाऊन आधी तिकीट दाखवा आणि गट कुठे, किती वाजता जमतो ते विचारा. मग सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन या. वेळ उरला तरच माहितीपट बघा. जमिनीवर आवाराचा मोठा नकाशा काढलेला आहे. मुलांना त्याच्यावर घर, नदी, समाधी शोधायला लावा. पुढे दिवसभर दिशा विचारत बसावं लागत नाही.

तपासणी: फेरीच्या १५ मिनिटं आधी सगळे एका जागी आहेत का? दुकानात रमलेलं कोणी राहिलंय का?

टप्पा ६: घर

म्युझियमच्या आधी घर का, याचं कारण फक्त तिकीट नाही. रूझवेल्टना १९२१ मध्ये, ३९ व्या वर्षी पोलिओ झाला आणि ते पुन्हा कधी आधाराशिवाय चालले नाहीत. घर बघताना हे डोळ्यांसमोर असेल तर बारीक गोष्टी दिसायला लागतात. खोल्यांमधले लाकडी उतार बघा. जिन्याजवळ सामान वर न्यायचा जुना हातपाळणा आहे, तो जरूर बघा. दोर ओढून, स्वतःच्या दंडांच्या ताकदीवर ते त्यात बसून वर-खाली करत. कपाटाएवढी जागा आहे. गटातले लोक झुंबर आणि चित्रं बघत पुढे जातात आणि पाळणा राहून जातो. रेंजरला "लिफ्ट कुठे आहे?" असं विचारायला लाजू नका.

बाहेर पडलात की फाटकाकडे जाणारा लांब सरळ रस्ता दिसेल. आजारानंतर कुबड्यांवर रस्त्याच्या टोकापर्यंत पोचायचा सराव ते इथे करत.

फोटो काढता येतात, फ्लॅश नको. दोऱ्यांच्या पलीकडे हात नको. मुलांना हे आत जाण्याआधी सांगा, आत गेल्यावर सांगून उपयोग नसतो.

टप्पा ७: डबा

घर बघून झालं की एक-दीड वाजतो. म्युझियमला उपाशी पोटी शिरू नका. स्वागतकेंद्रातल्या खाण्याच्या सोयीवर, विशेषतः हंगाम नसताना, भरवसा नको. तिथे शाकाहारी माणसाला बिस्किटांपलीकडे काही मिळेल असं धरूनही चालू नका. दशम्या, कोरडी चटणी, धिरडी किंवा पोळी-भाजीची गुंडाळी हे सगळं बाहेर बाकावर बसून छान खाता येतं. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांसाठी तर ही चैन नव्हे, गरज आहे. खाणं इमारतींच्या आत न्यायचं नाही.

सावधान: गवतात सतरंजी पसरू नका. डचेस काउंटीत गोचिड्या फार आहेत आणि त्यांच्या चाव्याने लाइम नावाचा आजार होतो. आखीव लॉन सोडून रानवाटांवर गेलात तर पायघोळ विजार घाला आणि रात्री घरी गेल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे भाग, काखा, केसांची मुळं तपासा.

टप्पा ८: म्युझियम, किमान दोन तास

बहुतेक जण पहिल्या दालनात, म्हणजे महामंदीत, तासभर घालवतात आणि शेवटी युद्धाची दालनं धावत बघतात. सगळे फलक वाचायला जाऊ नका. माझ्या मते या गोष्टींसाठी वेळ राखून ठेवावा:

- त्यांची अभ्यासिका. लायब्ररी १९४१ मध्ये खुली झाली तेव्हा रूझवेल्ट अजून पदावर होते. पदावर असताना स्वतःची लायब्ररी कामासाठी वापरणारे ते एकमेव राष्ट्राध्यक्ष. खोली आहे तशी ठेवली आहे.
- त्यांची चाकांची खुर्ची. स्वयंपाकघरातल्या साध्या खुर्चीला चाकं लावून केलेली, हात नसलेली, अरुंद. सकाळी घर पाहिलेलं असेल तर ती अशी का, हे कोणी सांगावं लागत नाही.
- १९३६ ची निळी फोर्ड. पाय न वापरता चालवता यावी म्हणून हाताचे दांडे बसवलेले आहेत.
- पर्ल हार्बरनंतरच्या भाषणाचा मसुदा. पहिल्याच वाक्यातले शब्द खोडून त्यांनी हाताने दुसरा शब्द लिहिला आणि तोच पुढे प्रसिद्ध झाला.
- जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना छावण्यांत डांबण्याचा १९४२ चा आदेश. हा भाग टाळू नका. कौतुकाच्या जागी जाऊन गैरसोयीची बाजूही बघता येते, हे या म्युझियमचं मोठेपण वाटतं.
- फ्रँकलिन यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांचं दालन. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या समितीत त्यांच्याबरोबर मुंबईच्या हंसा मेहता होत्या. "सर्व पुरुष" असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी "सर्व माणसं" यावं हा आग्रह हंसाबेनचा. १० डिसेंबर १९४८ ला जाहीरनामा मंजूर झाला. मुलींना हे तिथे उभं राहून सांगा.

वाचनालय समजून पुस्तकं चाळायला कोणी जात असेल तर तसं नाही. दस्तऐवजांचं संशोधन दालन वेगळं आहे, तिथे आधी वेळ ठरवून, नोंदणी करून जावं लागतं. दिवसाच्या सहलीत ते बसवू नका. पण बरेच कागद स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले आहेत आणि भारताबद्दलच्या फायली घरबसल्या वाचता येतात. फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचं उपोषण चालू असताना रूझवेल्ट यांचे प्रतिनिधी विल्यम फिलिप्स भारतात होते. गांधीजींना भेटायची परवानगी त्यांनी मागितली, ब्रिटिशांनी दिली नाही. हे जाण्याआधी वाचलेलं असलं तर युद्धाची दालनं वेगळी दिसतात.

टप्पा ९: गुलाबबाग, आणि जमलं तर वाल-किल

समाधी घराशेजारच्या गुलाबबागेत आहे. पांढऱ्या संगमरवराचा साधा चौथरा, त्यावर दोघांची नावं आणि सालं. फ्रँकलिन १९४५, एलिनॉर १९६२. त्यांचा लाडका कुत्रा फालाही तिथेच पुरलेला आहे. गुलाब जूनमध्ये भरात असतात. इथे मोठ्याने बोलणं, चौथऱ्यावर चढून फोटो काढणं टाळा.

एलिनॉर यांचं वाल-किल हे घर दोनेक मैलांवर आहे. त्याच्या फेऱ्या वेगळ्या आणि ठराविक दिवशीच असतात. १९४९ च्या अमेरिका दौऱ्यात नेहरू हाइड पार्कला त्यांच्याकडे आले होते. गाडी असेल आणि म्युझियम तीनच्या आत आटोपलं असेल तरच तिकडे वळा. व्हँडरबिल्ट वाडा आणि पकिप्सीचा हडसन नदीवरचा पादचारी पूल हे दोन्ही याच दिवशी उरकायचा मोह होतो. करू नका, ज्येष्ठ बरोबर असतील तर अजिबात नाही. पुलाचं एक टोक ते दुसरं सव्वा मैलाच्या वर आहे आणि परतही यायचं असतं.

टप्पा १०: परत

रेल्वेने आलेल्यांनी गाडीच्या वेळेच्या किमान सव्वा तास आधी आवार सोडा. पकिप्सीहून शहराकडे गाड्या बहुधा तासाला एक, म्हणजे एक चुकली की तासभर फलाटावर. ही गाडी तिथूनच सुटत असल्याने थोडं आधी गेलात तर सगळ्यांना एकत्र बसता येतं आणि नदीकडच्या खिडक्याही मिळतात. न्यू जर्सीला जायचं असेल तर पेन स्टेशनहून शेवटच्या सोयीच्या गाडीची वेळ सकाळीच कागदावर लिहून ठेवा. परतेपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या फोनची बॅटरी संपलेली असते.